खिशातली गाणारी पेटी आणि तिचा हजेरीपट

शाळेत एक प्रसंग नेहमी पाहायला मिळतो. नवा मुलगा दप्तर घेऊन वर्गात बसलेला असतो, पण त्याचे नाव अजून हजेरीपटावर चढलेले नसते. गुरुजी पट वाचतात, त्याचे नाव येत नाही, आणि कागदोपत्री तो मुलगा शाळेत नाहीच! आज ज्या यंत्राची हकिगत सांगणार आहे, त्याची सारी भानगड अशाच एका हजेरीपटाची आहे.

हे यंत्र म्हणजे आयपॉड. अमेरिकेतील अ‍ॅपल कंपनीने २३ ऑक्टोबर २००१ रोजी ते लोकांपुढे ठेवले. आकार पत्त्यांच्या कॅटाएवढा, आत ५ गिगाबाइटांची तबकडी, आणि हजार गाणी खिशात मावतील अशी ग्वाही. या पेटीत गाणी भरायला संगणक लागे, आणि तोही प्रथम कंपनीच्या स्वतःच्या मॅकिंटॉश जातीचाच. २००२ च्या जुलैत विंडोज वापरणाऱ्यांची सोय झाली. लिनक्स वापरणारे मात्र दाराबाहेरच राहिले, आणि कंपनीने त्यांना शेवटपर्यंत आत घेतले नाही.

लिनक्स म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. संगणकाचा आतला कारभार पाहणारी ही प्रणाली. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा पाया घातला. तिची मूळ संहिता कोणीही वाचावी, सुधारावी, दुसऱ्यास द्यावी. एखादी सुगरण हातचे काही न राखता आपली कृती शेजारणीला सांगते, तसेच म्हणा ना.

आता अडचण कोठे आली पाहा. विंडोजसाठी तयार केलेल्या आयपॉडची तबकडी लिनक्सला वाचता येत होती. तार जोडली की पेटी दिसे; गाणे उचलून आत ठेवले की ते बसेही. पण तार काढून पेटी सुरू करावी, तर गाण्याचा पत्ता नाही! गाणे आत होते, बरे का. मात्र आयपॉड आपली तबकडी धुंडाळीत बसत नसे. आयट्यून्स-डीबी नावाच्या एका फाइलीत गाण्यांची नोंद असे. तेवढी तो वाची. नोंद नाही तर गाणे नाही. ही नोंद लिहिणारा कारकून म्हणजे कंपनीचा आयट्यून्स हा कार्यक्रम, आणि तो लिनक्ससाठी कधी बनलाच नाही.

मग काही हौशी मंडळी कामाला लागली. या पटाची लिपी कंपनीने कोणाला सांगितलेली नव्हती. मोडी न येणारा मनुष्य दोन जुने दस्तऐवज शेजारी ठेवून कोणते अक्षर कोठे बदलले हे ताडून पाहतो, तशीच ही चिकाटी. एक गाणे वाढवावे, पट पुन्हा पाहावा, कोणते आकडे बदलले ते टिपावे. अशा खटपटीतून जीटीके-पॉड नावाचा कार्यक्रम उभा राहिला. तो लिनक्सवर बसून हा पट लिहू लागला, आणि पेटी गाऊ लागली.

पुढे सप्टेंबर २००७ मध्ये नव्या आयपॉडांच्या पटावर एक गुप्त मोहर आली. पटातील मजकूर आणि त्या पेटीचा स्वतःचा क्रमांक यांवरून ती काढलेली. प्रत्येक पेटीची मोहर निराळी. ती जुळली नाही तर पेटी गाणी शून्य दाखवी. थोड्याच दिवसांत लोकांनी तीही मोहर उलगडली. पण पुढची मोहर आली तेव्हा प्रकरण वकिलांकडे गेले. २००८ च्या नोव्हेंबरात कंपनीने, या विषयाची चर्चा ज्या सार्वजनिक जागी चालली होती त्या चालकांना नोटीस धाडली. चर्चा बंद झाली. एप्रिल २००९ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेच्या मदतीने ते चालक न्यायालयात गेले. जुलैत कंपनीने आपली मागणी मागे घेतली. विकत घेतलेल्या कुलूपबंद गाण्यांचा प्रश्न वेगळा होता, हे मान्य. पण येथे मनुष्य आपल्याच तबकड्यांवरून उतरविलेली गाणी आपल्याच पेटीत भरू पाहत होता. त्यात कोणाचे काय गेले, हे मला आजही नीट उमगलेले नाही.

यापूर्वीचा एक किस्सा तर आकाशवाणीच्या श्रोत्यांना विशेष आवडावा. काही लोकांनी उलटाच बेत केला होता: लिनक्स थेट आयपॉडच्या आतच बसवायचा! जुन्या आयपॉडांवर ते साधले. २००४ साली निघालेल्या चौथ्या पिढीच्या पेटीने मात्र दाद दिली नाही. तिच्या पोटात कोरलेला आरंभीचा कार्यक्रम वाचल्यावाचून गाडे पुढे जाईना, आणि तो बाहेर काढायला वाटच नव्हती. पेटीचे चाक फिरविताना टिकटिक करणारी एक बारीकशी कळ तेवढी आत होती. जर्मनीतील एका तरुण विद्यार्थ्याने त्या गुप्त कार्यक्रमाचे आकडे या टिकटिकीत उतरविले. बाहेरचा गलबला ऐकू येऊ नये म्हणून पेटी बंदिस्त खोक्यात ठेवली, कित्येक तास तो आवाज ध्वनिमुद्रित केला आणि संगणकाकडून त्याची पुन्हा अक्षरे करून घेतली. जुन्या तारमास्तरांची आठवण यावी असे हे काम! २००५ साली ही बातमी जगभर झाली.

त्याच सुमारास आयपॉडवर आणखी एक पाहुणा आला, रॉकबॉक्स. स्वीडनमधील काही मित्रांनी २००१ च्या अखेरीस दुसऱ्याच एका कंपनीच्या पेटीसाठी तो लिहावयास घेतला होता. तिच्या मूळ कार्यक्रमावर त्यांचे समाधान नव्हते. रॉकबॉक्सला पट लागत नाही. तबकडीवर कप्पे करा, त्यांत गाणी टाका. तो कप्पा उघडून गाणे वाजवितो. लिनक्सवाल्यांची कटकटच मिटली.

पण त्याचा मोठा उपयोग झाला तो दृष्टिहीनांना. काचेवरची यादी ज्याला दिसत नाही, त्याने हजार गाण्यांतून हवे ते निवडायचे कसे? रॉकबॉक्समध्ये यादी स्वतःच बोलते. फाइलीचे नावसुद्धा अक्षर अक्षर सुटे करून सांगते. संहिता मोकळी होती, म्हणून ज्यांना गरज होती त्यांना ही भर घालता आली. कंपनीने बोलणारी यादी दिली ती २००८ साली, आपल्या नॅनो नावाच्या छोट्या नमुन्यात.

२०२२ च्या मे महिन्यात आयपॉडचे उत्पादन अजिबात थांबले. जुन्या पेट्या मात्र अजून हातोहाती फिरताहेत. झिजलेली तबकडी काढून तिच्या जागी स्मृतिपत्र बसवितात, वर रॉकबॉक्स घालतात, लिनक्सच्या संगणकाला तार जोडतात आणि कप्प्याला हवे ते नाव देऊन गाणी आत टाकतात. पेटी सुरू केली की ती त्या कप्प्याचे नाव वाचून दाखविते.