टायर, वेगवान मोटारींचे
रस्ता व शर्यतपथ, दोन्हींसाठी वापरले जाणारे, पकडीला प्राधान्य देणारे टायर. मऊ रबर डांबराला घट्ट धरते, पण लवकर झिजते. उथळ खोबणी कोरड्या पथावर उत्तम; साचलेले पाणी मात्र त्या पुरेसे बाहेर फेकत नाहीत. ठाण्यातील माजिवड्याला, मुंबई–नाशिक महामार्ग व घोडबंदर रस्ता मिळतात तिथे, पावसाळ्यात हा दोष जिवावर बेतू शकतो. ‘२०५/५५ आर १६ ९१ व्ही’ या खुणेत २०५ मिमी. रुंदी, ५५ हे उंचीचे रुंदीशी शेकडा प्रमाण, १६ इंच रिमचा व्यास, ९१ म्हणजे ६१५ किग्रॅ. भारक्षमता आणि व्ही म्हणजे ताशी २४० किमी. वेगमर्यादा. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टई वा कोइंबतूरच्या पथावर सराव करणाऱ्या ठाणेकराने वेगळा संच ठेवावा. एकाच संचात रस्ता व शर्यतपथ दोन्ही साधणे ही तडजोडच. मोटारीसाठी खोबणीची कायदेशीर किमान खोली १.६ मिमी. आहे.