ख्रिस्तपुराण आणि हस्तलिखितांची साक्ष

आजच्या स्पेनांतील नाव्हारा प्रांतीं जन्मलेले फ्रान्सिस झेवियर १५४२ सालीं गोव्यांत उतरले. देशी लोकांस उपदेश करतांना त्यांना दुभाष्यांचा आधार लागे. १५७९ सालीं आलेले इंग्रज जेझुइट टॉमस स्टीफन्स यांनीं ही अडचण मराठी ओवीनें दूर केली. त्यांचें ख्रिस्तपुराण १६१६, १६४९ व १६५४ सालीं रोमन लिपींत छापलें गेलें. परंतु त्या मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. सुमारें ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ हस्तलिखितांनींच राखिला, व त्यांवरूनच साल्डान्हा यांनीं १९०७ सालीं मंगळुरास तो पुनः छापविला. लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील प्रत मात्र देवनागरी असून तींत पोर्तुगीज शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द आढळतात. तेव्हां मूळ पाठ कोणता, हा निर्णय पोथ्यांच्या तुलनेवरच अवलंबून आहे. सोलापुराकडील संग्राहकांनीं रोमन अक्षरांचें बाड परकें समजून टाकूं नये, इतकीच विनंती.