धरणे (क्रियापद)

धरणे : क्रियापद; मूळ संस्कृत धातू 'धृ'. पकडणे, हाती घेणे हा अर्थ साऱ्या मराठी मुलखात चालतो. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत मात्र या क्रियापदाला पहिले कर्म आठवते ते पाण्याचे.

दारं धरणे. पिकाला पाणी देणे. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात झाला आणि या पट्ट्यात ऊस फोफावला. पाटाचा बांध फोडून सरीत पाणी घेण्याची वाट म्हणजे दार. पाणी सरीच्या टोकाला पोचले की खोऱ्याने माती ओढून ते दार बुजवायचे, लगेच पुढचे फोडायचे. जरा डोळा लागला तर पाणी शेजाऱ्याच्या रानात. शेतीपंपाची वीज रात्रपाळीला आली की हे काम बॅटरीच्या उजेडात चालते. 'दारं धरायला गेलाय' एवढे घरातून कळले की तो फोन का उचलत नाही, हे वेगळे विचारावे लागत नाही.

बहार धरणे. इंदापूरकडच्या डाळिंबबागांतला प्रयोग. यात गंमत अशी, की धरण्याची सुरुवात पाणी तोडण्याने होते. बागेला ताण द्यायचा, छाटणी-पानगळ करायची, खते घालायची आणि मग पहिले पाणी सोडायचे. झाड फुलावर येते. मृग, हस्त, आंबे हे तीन बहार. एका बागेत वर्षाला एकच धरावा, ही रीत. 'औंदा कुठला धरला?' या प्रश्नात बहार हा शब्द उच्चारावाही लागत नाही. पुढचे मात्र झाडाच्या हाती, आणि व्याकरणही तसेच वळते : बागवानाने बहार धरला (सकर्मक), झाडाला फळ धरले (अकर्मक).

मासे धरणे. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याचे पाणी इंदापूर तालुक्यात भिगवणपर्यंत पसरले आणि तिथे मासेमारी वाढली.

धरणे धरणे. इथे पहिले 'धरणे' नाम आहे. पूर्वी सावकार ऋणकोच्या दारात उपाशी बसे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत अशा धरण्याचे उदाहरण होते. आता कालव्याचे आवर्तन लांबले की शेतकरी पाटबंधारे कचेरीपुढे धरणे धरतात. 'धरणे भरली' यातले 'धरणे' हे 'धरण'चे अनेकवचन, धातू तोच.

इतर. 'हे धर' म्हणजे घे. 'सोमवार धरून' म्हणजे सोमवारासकट. अबोला, राग, तग, वाट हीही धरतात.