पद्मिनीचे ब्रेक आणि नागसेनाचा रथ

खारघरहून पुण्याला निघालं की कळंबोलीला एक्सप्रेसवे लागतो. तो २००२ साली पूर्ण झाला, आणि साधारण त्याच सुमारास कुर्ल्याची पद्मिनी बनायची थांबली. म्हणजे आज हौसेनं या रस्त्यावर जी गाडी काढली जाते, ती या रस्त्यासाठी घडलेलीच नव्हती.

वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. पन्नाशीच्या दशकात तिथं फियाट ११०० बनू लागली, पुढं तीच 'पद्मिनी' झाली. डिस्क ब्रेकचं लँचेस्टरचं पेटंट १९०२ चं, आणि १९५३ साली जॅग्वारनं ल मान्सची शर्यत डिस्कच्या जोरावर जिंकली. आपल्याकडे मात्र गाडीसाठीच वर्षानुवर्षं नंबर लावायला लागायचा, ब्रेक कुठले म्हणून विचारणार कोण? पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रमच राहिले.

ड्रम वाईट नव्हे हो. फिरता ड्रम पुढच्या ब्रेक शूला स्वतःच ओढून घेतो, त्यामुळं पायाला जोर कमी लागतो. पण घाटात सतत दाबलं की तो तापून फुगतो, शूपासून लांब जातो, लायनिंगची पकड सुटते. वेग ५० चा १०० झाला तर जिरवायची ऊर्जा चौपट होते. मी एकदा खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरत होतो आणि पेडल निम्म्याहून खाली गेलं. सेकंड गिअर टाकून कशीबशी आवरली. मागून आई विचारते, "गाडी एवढी ओरडते का रे?"

याच बोरघाटात १८६३ साली रेल्वे आली, चढ ३७ ला १. सुटलेली गाडी थांबवायला रेल्वेवाल्यांनी चढावर जाणारी कॅच सायडिंग बांधली. ब्रेक फेल होणार हे त्यांनी धरूनच चाललं होतं. मोटारवाले तेवढे प्रामाणिक नसतात.

आता मूळपणाचे कैवारी म्हणतात, ब्रेक बदलले की ती पद्मिनी उरली कुठं? 'मिलिंदप्रश्नां'त नागसेन राजाला हेच विचारतो: रथ म्हणजे चाक का, आस का? एकही नाही, सगळ्यांच्या जुळणीला दिलेलं ते नाव. टायर बदलले, वायरिंग बदललं, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. मग ब्रेकच तेवढे पवित्र कसे?

पण जुळणी हा शब्द इथं नीट ऐका. डिस्क स्वतःला ओढून घेत नाही, म्हणून बूस्टर लागतो. मास्टर सिलिंडरही त्या मापाचा हवा, नाहीतर पेडल दगड होतं किंवा लोणी. पुढच्या-मागच्या चाकांचा तोल बिघडला आणि मागची आधी जाम झाली, तर ओल्या रस्त्यावर गाडी गर्रकन फिरते. नुसत्या डिस्क बसवून हौस भागवणाऱ्यांपेक्षा चांगल्या स्थितीतले ड्रम बरे, असं माझं मत आहे.

मी पुढच्या दोन चाकांना डिस्क बसवल्या, बूस्टरसकट. जुने ड्रम ग्रीस लावून पत्र्याच्या पेटीत ठेवलेत. मूळपणाबद्दल कुणी वाद घालायला आलं, की ती पेटी उघडून दाखवतो.