मंडईचा खर्च आणि सभासदाचे उत्तरदायित्व : पुणे नगरपालिकेतील महात्मा जोतीराव फुले (१८७६–१८८२)

सारांश

महात्मा जोतीराव फुले हे १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. त्यांच्या शैक्षणिक व सत्यशोधकीय कार्याची चर्चा विपुल झाली आहे. नगरपालिकेतील त्यांच्या कार्याकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. प्रस्तुत लेखात दारूच्या दुकानांना विरोध, व्हाइसरॉयच्या स्वागताच्या खर्चाला विरोध आणि नव्या मंडईच्या खर्चाला विरोध या तीन प्रसंगांच्या आधारे, सभासदाने वस्तीला कशाचा हिशेब द्यावयाचा असतो या प्रश्नाचा विचार केला आहे. पुढील काळातील पुण्याचा अनुभवही याच प्रश्नाच्या संदर्भात तपासला आहे.

बीजशब्द : पुणे नगरपालिका, महात्मा फुले, मंडई, उत्तरदायित्व, लोकसहभाग

प्रस्तावना

पुण्याच्या कोणत्याही पेठेत रस्त्याकडेचे बाक, चौकातील कमान किंवा उद्यानाचे प्रवेशद्वार पाहिले, की त्यावर नगरसेवकाचे नाव आढळते. महापालिकेची मुदत संपत आली की नगरसेवकांचे कार्य अहवाल घरोघरी पोहोचतात. कोणता रस्ता सिमेंटचा झाला, कोठे मलनिःसारण वाहिनी टाकली, कोणत्या वाचनालयाची इमारत उभी राहिली, याची सचित्र नोंद त्यात असते. वस्तीच्या विकासाची माहिती रहिवाशांना देण्याची ही पद्धत शहराच्या आता चांगली अंगवळणी पडली आहे.

तथापि हा हिशेब बहुधा झालेल्या कामांचाच असतो. त्याच पैशांत दुसरे काय होऊ शकले असते, ते का झाले नाही आणि झालेल्या कामाचा लाभ नेमका कोणाला मिळाला, हे प्रश्न अहवालात क्वचितच येतात. पुण्याच्या नागरी इतिहासात हे प्रश्न सभागृहात उपस्थित करणारा एक सभासद एकोणिसाव्या शतकातच होऊन गेला. विशेष म्हणजे त्याला मतदारच नव्हते.

सरकारनियुक्त सभासदांची नगरपालिका

१८५० च्या कायद्यान्वये पुण्यात १८५७–५८ च्या सुमारास नगरपालिका अस्तित्वात आली. प्रारंभीची काही दशके तिचे सभासद सरकारकडून नेमले जात. नेमणूक सरकारची असल्याने सभासदाचे उत्तरदायित्वही स्वाभाविकपणे सरकारकडेच वळलेले असे. लॉर्ड रिपन यांच्या १८ मे १८८२ च्या स्थानिक स्वराज्यविषयक ठरावानंतर आणि १८८४ च्या मुंबई इलाख्यातील कायद्यानंतर निवडून आलेल्या सभासदांना स्थान मिळू लागले. मताधिकार मात्र कर, मालमत्ता इत्यादी अटींनी मर्यादितच राहिला.

फुले यांचा कार्यकाळ या बदलापूर्वीचा आहे. १८७६ साली नगरपालिकेत त्यांची नेमणूक झाली तेव्हा सत्यशोधक समाजाच्या स्थापनेस अवघी तीन वर्षे झाली होती. नगरपालिकेच्या कारभाराकडे ते कोणत्या दृष्टीने पाहत, हे समजण्यासाठी त्यांच्या जीवनातील दोन बाबी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली बाब अशी की, ते स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते. खडकवासल्याच्या धरणासारख्या मोठ्या सार्वजनिक कामाशी त्यांचा व्यावसायिक संबंध आला होता. दगड, चुना, मजुरी यांचा हिशेब त्यांना तोंडपाठ असावा, असे म्हणण्यास हरकत नाही. दुसरी बाब म्हणजे, ते माळी समाजातील होते. फुले व भाजीपाला यांच्या व्यवसायाशी त्यांच्या कुटुंबाचा जवळचा संबंध होता. पुढील विवेचनात या दोन्ही बाबींना महत्त्व आहे.

तीन प्रसंग

पहिला प्रसंग दारूच्या दुकानांचा आहे. जुलै १८८० मध्ये फुले यांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीचे काम पाहणारे प्लंकेट यांना पत्र लिहून शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांकडे लक्ष वेधले. त्यांचा युक्तिवाद केवळ नीतिमत्तेचा नव्हता, तो नगरपालिकेच्या कर्तव्याशी जोडलेला होता. लोकांच्या आरोग्यासाठी नगरपालिका खर्च करते आणि त्याच शहरात आरोग्य व संसार उद्ध्वस्त करणारी दुकाने उघडली जातात, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली. अबकारी उत्पन्न सरकारच्या तिजोरीत जाणार आणि दुष्परिणाम पेठांतील कुटुंबे सोसणार, ही व्यवस्था नगरपालिकेने निमूटपणे मान्य करू नये, असा त्या पत्राचा रोख दिसतो.

दुसरा प्रसंग त्याच वर्षीचा आहे. व्हाइसरॉयच्या पुणे भेटीनिमित्त स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव पुढे आला. ही रक्कम गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावी, अशी फुले यांची भूमिका होती. मतदानात बत्तीस सरकारनियुक्त सभासदांपैकी एकट्या फुले यांनी प्रस्तावाविरुद्ध मत दिले. ज्या सरकारने सभासदत्व दिले त्याच सरकारच्या सर्वोच्च प्रतिनिधीच्या स्वागताला विरोध करताना त्यांच्या पाठीशी मतदारसंघाचे बळ नव्हते. एकट्याच्या विरोधाने ठराव फेटाळला जाणार नव्हता, हेही उघड होते. तरीही हा पैसा कोणाचा आणि तो कोणाच्या कामी यावा, हा प्रश्न सभागृहात उपस्थित झाला.

तिसरा प्रसंग मंडईचा आहे. त्या काळी शहराचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरील मोकळ्या जागेत भरत असे. त्याऐवजी शुक्रवार पेठेत भव्य, बंदिस्त मंडई बांधण्याची योजना नगरपालिकेने हाती घेतली. वॉल्टर ड्यूकॅट यांच्या आराखड्यानुसार वासुदेव बापूजी कानिटकर यांनी ही इमारत उभारली. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्यातून फुटणाऱ्या पाकळ्या अशी तिची रचना आहे. सुमारे तीन लाख रुपये खर्चून बांधलेल्या या इमारतीचे उद्घाटन ५ ऑक्टोबर १८८६ रोजी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते झाले आणि तिला ‘रे मार्केट’ हे नाव मिळाले. या मोठ्या खर्चाला फुले यांचा विरोध होता. एवढा पैसा इमारतीत घालण्याऐवजी तो शिक्षणासाठी वापरावा, असे त्यांचे म्हणणे होते.

विरोधाचा अर्थ

मंडईला झालेला विरोध हा विकासकामांना झालेला विरोध होता काय? फुले यांचा ठेकेदारीचा अनुभव पाहता तसे म्हणता येत नाही. धरणे व इमारती उभारणाऱ्या व्यवसायातच त्यांचे आयुष्य गेले होते. शिवाय मंडईचा लाभ प्रामुख्याने भाजीपाला पिकवणाऱ्या व विकणाऱ्या समाजाला, म्हणजे ज्या समाजातून ते स्वतः आले त्यालाच मिळणार होता. आपल्या माणसांना उपयोगी पडणारी इमारत उभी राहत असताना तिच्या खर्चाला हरकत घेणे, ही गोष्ट आजच्या नगरसेवकालाही सोपी वाटणार नाही.

या भूमिकेचा उलगडा नगरपालिकेच्या उत्पन्नाकडे पाहिल्यास होतो. त्या काळी नगरपालिकेचे मुख्य उत्पन्न जकातीचे होते. डोक्यावर पाटी घेऊन शहरात येणाऱ्या शेतकऱ्याच्या मालावरही तिचा भार पडे. ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात फुले यांनी शेतकऱ्यावरील म्युनिसिपालिटीच्या या ओझ्याविषयी लिहिले आहे. ज्याच्याकडून पैसा येतो त्याच्या मुलाला शाळा मिळत नाही आणि शहराला मात्र देखणा मनोरा मिळतो, अशी ही विषमता होती.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनातील एक मुद्दा या संदर्भात अत्यंत बोलका आहे. मोठ्या शहरांतील नगरपालिकांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा संपूर्ण खर्च उचलावा, परंतु शाळांची व्यवस्था पूर्णतः त्यांच्या हाती देऊ नये, ती शिक्षण खात्याच्या देखरेखीखाली असावी, असे फुले यांनी सुचविले. हे मत नगरपालिकेचा कारभार आतून पाहिलेल्या सभासदाचे आहे. नगरपालिकेकडे पैसा आहे, परंतु तो दुर्बळांपर्यंत आपोआप पोहोचत नाही, हा निष्कर्ष त्यांनी सभागृहातील अनुभवावरूनच काढला असावा.

मंडईबाबत फुले यांची भूमिका सर्वस्वी योग्य होती, असाही दावा करण्याचे कारण नाही. ही इमारत आज सव्वाशेहून अधिक वर्षे शहराच्या उपयोगी पडत आहे. परंतु एखादे काम उपयुक्त ठरल्याने त्याच्या अग्रक्रमाचा प्रश्न निकालात निघत नाही. फुले यांचा आग्रह या अग्रक्रमाविषयीचा होता.

प्रश्नाचा पुढील प्रवास

हा प्रश्न पुण्यात पुन्हा पुन्हा वर आला. १९१८ च्या प्राथमिक शिक्षणविषयक कायद्यानंतर सक्तीचे शिक्षण मुलांपुरतेच ठेवावे की मुलींनाही लागू करावे, यावरून १९२० साली शहरात मोठा वाद झाला. पैशांची अडचण हे मुलींना वगळण्याचे कारण सांगितले गेले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने स्त्रियांनी मिरवणूक काढली. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनीही मुलींच्या बाजूने आवाज उठविला. पैसा कमी असला तर कोणाचे काम आधी मागे पडते, हेच त्या वादातून स्पष्ट झाले.

१९२५ साली केशवराव जेधे यांनी फुले यांचा पुतळा उभारण्याचा विषय नगरपालिकेत मांडला, परंतु त्याला यश आले नाही. पुढे १९३८ च्या सुमारास स्थायी समितीचे अध्यक्ष असताना प्र. के. अत्रे यांच्या पुढाकाराने रे मार्केटला फुले यांचे नाव देण्यात आले. ज्या इमारतीच्या खर्चाला ज्याने विरोध केला तिलाच त्याचे नाव मिळाले. हा त्यांचा यथोचित गौरव असला, तरी त्यांनी विचारलेला प्रश्न त्या नावामागे झाकला गेला, असे खेदाने म्हणावे लागते.

१५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका स्थापन झाली. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांची तरतूद केली. २००६ पासून महापालिकेने अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून पदपथ, दिवे, बसथांबे यांसारख्या लहान कामांच्या सूचना मागविण्यास आरंभ केला. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ साली सुरू झालेल्या लोकसहभागी अंदाजपत्रकाशी या उपक्रमाचे नाते आहे. नगरसेवकांच्या ‘स’ यादीतील कामांबरोबर आता रहिवाशांनी सुचविलेल्या कामांनाही अंदाजपत्रकात जागा मिळाली. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. त्यानंतर दीर्घकाळ हिशेब मागण्यासाठी रहिवाशांना निवडून दिलेला प्रतिनिधीच उरला नाही. सभासद असणे किती मोलाचे आहे, याची जाणीव या रिक्ततेने करून दिली.

निष्कर्ष

१. मतदारांचा धाक नसतानाही फुले यांनी सभासदत्वाकडे वस्तीप्रती असलेली जबाबदारी म्हणून पाहिले. निवडणूक हे उत्तरदायित्वाचे साधन आहे, परंतु केवळ तिच्यामुळे उत्तरदायित्व निर्माण होत नाही.

२. सार्वजनिक कामाचे मूल्यमापन त्याच्या भव्यतेवरून न करता, पैसा कोणाकडून आला आणि लाभ कोणाला झाला, यावरून करावे, ही दृष्टी त्यांच्या तिन्ही विरोधांमागे दिसते.

३. नगरसेवकाच्या कार्य अहवालात झालेल्या कामांबरोबर न झालेल्या कामांची आणि त्यामागील कारणांची नोंद असेल, तर रहिवाशांना मिळणारी माहिती खऱ्या अर्थाने हिशेब ठरेल.

महात्मा फुले मंडईत आजही रोज सकाळी भाजीच्या पाट्या उतरतात. त्या पाटीवाल्याच्या मुलाची शाळा कशी चालली आहे, हा तेथे लागलेल्या नावाने विचारलेला प्रश्न आहे. त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी प्रत्येक नव्या सभागृहावर येते.