दुखत नसली, तरी गाठ दाखवावी
स्तनांचा कर्करोग : तपासणी आणि स्वतःच्या धोक्याचा अंदाज

अहमदपूर (प्रतिनिधी) : ‘दुखत नाही, मग दवाखान्यात कशाला?’ हा प्रश्न अहमदपुरात जितका ऐकू येतो, तितकाच मुंबई-पुण्यातही. स्तनातील कर्करोगाची गाठ सुरुवातीस बहुधा दुखत नाही, आणि म्हणूनच ती महिनोन्‌महिने कोणाला दाखवली जात नाही. काहीही त्रास नसताना केलेली तपासणी ती लवकर शोधू शकते. मात्र अशा तपासणीला मॅमोग्राफीचे यंत्र हवेच, हा समज अपुरा आहे.

याचा सर्वांत मोठा दाखला मुंबईतील आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ महिलांचा अभ्यास हाती घेतला. निम्म्या वस्त्यांतील महिलांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले. अशा चार फेऱ्या झाल्या. त्यानंतरही महिलांची माहिती ठेवण्यात आली आणि निष्कर्ष २०२१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या गटात ४७ टक्के रुग्णांचा आजार तिसऱ्या वा चौथ्या टप्प्यात आढळला, तर तपासणी झालेल्या गटात हे प्रमाण ३७ टक्के होते. पन्नाशी व त्यापुढील महिलांत या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील महिलांत मात्र मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. हा दुसरा निष्कर्ष सहसा सांगितला जात नाही. तो सांगायलाच हवा.

मॅमोग्राफी म्हणजे स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबून काढलेला, अल्प मात्रेचा एक्स-रे. हाताला न लागणारी गाठ त्यात दिसू शकते. तरुण वयात स्तनातील ऊती दाट असल्याने चित्र अस्पष्ट येते. तेव्हा सोनोग्राफी अधिक उपयोगी पडते.

आता धोक्याविषयी. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालानुसार वयाच्या ७४ वर्षांपर्यंत भारतातील सुमारे २९ पैकी एका महिलेला स्तनांचा कर्करोग होण्याची शक्यता असते. ही सरासरी आहे. शहरी व ग्रामीण भागांत मोठे अंतर आहे. बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून सुरू आहे. तेथील प्रमाण मुंबईच्या मानाने बरेच कमी आढळले आहे. उशिरा होणारे पहिले बाळंतपण, अल्पकाळ स्तनपान, रजोनिवृत्तीनंतरचा लठ्ठपणा आणि मद्यपान यांनी धोका वाढतो. वाढते वय हे सर्वांत मोठे कारण.

‘आमच्या घरात कोणाला नाही’ या दिलाशावर विसंबू नये. बहुसंख्य रुग्णांच्या जवळच्या नात्यात हा आजार नसतो. केवळ ५ ते १० टक्के कर्करोग आनुवंशिक दोषामुळे होतात. ‘बीआरसीए’ जनुकांतील हा दोष आईकडून येतो, तसाच वडिलांकडूनही. मिचेल गेल यांनी १९८९ मध्ये अमेरिकन महिलांच्या माहितीवर बसवलेले धोक्याचे गणित आई, बहीण व मुलगी एवढ्यांचीच मोजदाद करते. आत्या व आजी त्यात नाहीत. आपल्याकडे तर आत्याचा आजार ‘तिला गाठ झाली होती’ एवढ्यावरच संपवला जातो. गाठ कुठे होती आणि तेव्हा वय काय होते, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. पन्नाशीआधी झालेला स्तनांचा कर्करोग, अंडाशयाचा कर्करोग किंवा एखाद्या पुरुषाला झालेला स्तनांचा कर्करोग नात्यात असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अशा महिलांची तपासणी कमी वयात सुरू करावी लागते.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या महिलांची स्तनतपासणी दर पाच वर्षांनी सरकारी आरोग्य केंद्रांत व्हावी, असे ठरले आहे. अहमदपूर तालुक्यातील महिलांनीही जवळच्या केंद्रात ती मागून घ्यावी. मात्र ही पाच वर्षांची मुदत लक्षणे नसलेल्यांसाठी आहे. स्तनात वा काखेत गाठ, कातडीला पडलेला खळगा, आत ओढले गेलेले स्तनाग्र किंवा त्यातून रक्तमिश्रित स्राव दिसल्यास त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात; मात्र ते ठरते सोनोग्राफी वा मॅमोग्राफीने आणि गरज भासल्यास सुईने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीने. लेप लावून वाट पाहण्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत.