पाचशे रुपयांचा हिशेब

१५ ऑक्टोबर १९५६ हा नागपुरातल्या धम्मदीक्षेचा दुसरा दिवस. त्या दिवशीच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी एक जुना हिशेब काढला. १९२७च्या महाड परिषदेपासून महारांनी मृतमांस सोडावं असा प्रचार सुरू होता. त्यावर ‘केसरी’त छापून आलं होतं की गावात वर्षाला पन्नास ढोरं मरतात; त्यांचं कातडं, शिंगं, हाडं, खुरं यांचे पाचशे रुपये होतात आणि या प्रचारापायी गरीब लोक त्यांना मुकतील. बाबासाहेबांचं उत्तर असं की एवढा फायदा असेल तर ढोरं तुम्हीच ओढा, वर पाचशे रुपये मी खिशातून देतो. हशा पिकवणारं हे उत्तर मला त्या भाषणातलं सर्वांत धारदार वाटतं. काळजीच्या भाषेत सांगितलेली सक्ती त्याने उघडी पाडली. नागपूरला अन्नाची दुसरी गोष्टही ठाऊक होती. १९०७मध्ये किसन फागू बनसोडे यांनी इथे चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. त्या चोख्याच्या आख्यायिकेत विठोबा त्याच्याकडे जेवायला येतो, पीतांबरावर दही सांडतं. गोड गोष्ट आहे, पण जेवण झाल्यावर चोखा देवळाबाहेरच राहतो. पाचशे रुपयांच्या गोष्टीत देव नाही, म्हणून ती कृपेवर अडत नाही.

मांस सोडणं ही सोवळ्याचीच नक्कल, असा आक्षेप घेतला जातो. तो वरवरचा आहे. १९४८च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये आंबेडकरांनी गोमांस हा कुणाच्या रक्तातला विटाळ मानलाच नाही, ब्राह्मणांनी ते सोडलं आणि गावकुसाबाहेरच्यांचं सुटलं नाही, तिथून अस्पृश्यता आली, अशी मांडणी केली. ती सगळ्यांना पटत नाही, पण तिने ताटावरची लाज इतिहासाच्या खात्यावर टाकली. नकार होता तो ढोर ओढायचं आणि मोबदल्यात तेच खायचं, या गावकीला. दुसरा आक्षेप जड आहे: गोष्टीने पोट भरत नाही. खरंच आहे. नागपुरात हातमाग होते, १८७७पासून एम्प्रेस मिल होती, रोख मजुरी होती. खेड्यातल्या भूमिहीनाला हा नकार कितीतरी महाग पडणार होता. शिवाय लाजेबरोबर स्वयंपाकही विस्मरणात जाऊ लागला. मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या, त्या चान्या. घरात त्यांचं नाव हळू आवाजात घेतलं जाई. शाहू पाटोळे यांनी २०१५मध्ये मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या या पदार्थांवर पुस्तक लिहिलं आणि नाव दिलं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’. चान्या त्यात कृतीसकट आहेत.